शुद्धीत होती, बोलतही होती, मग आठवत का नाही? गुंगीची औषधं आणि आठवण

अमळनेर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे. त्यांच्या आईचं वय ६८. वावरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, पाठीत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं. ऑपरेशन चालू असताना आई डॉक्टरांशी बोलत होती. बाहेर आणल्यावर तिने मामाला ओळखलं, कापूस विकला का म्हणून विचारलं, दोन घोट पाणी घेतलं. पाय कसा ठेवायचा ते डॉक्टरांनी समजावलं तेव्हा 'हो, हो' म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं तिला काहीच आठवेना. मामा येऊन गेला हेसुद्धा नाही. 'भूल जास्त झाली का? मेंदूला काही झालं का?' असा त्यांचा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: आई पाच-सहा वर्षांपासून रोज रात्री झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी घेते, हल्ली नावं विसरते, त्याचा याच्याशी संबंध असेल का? पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशनही करायचं आहे.

भाऊ, यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ऑपरेशनच्या दिवशीचं न आठवणं हा एक, आणि हल्ली नावं विसरणं हा दुसरा. पहिल्याने तुमची झोप उडाली आहे, पण माझ्या मते तो बहुतेक निरुपद्रवी आहे. दुसरा तुम्ही शेवटच्या ओळीत टाकलात, आणि लक्ष द्यायला हवं ते त्याच्याकडे.

मी जळगाव जिल्ह्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. एका दवाखान्याला बांधलेला नाही, चोपड्यापासून पाचोऱ्यापर्यंत जिथून फोन येतो तिथे जातो. तुमचा पहिला प्रश्न नातेवाईक मला जवळजवळ याच शब्दांत विचारत आले आहेत. तरी आधीच सांगतो, तुमच्या आईंना नेमकं कोणतं औषध दिलं आणि किती दिलं हे मला इथून कळत नाही. ते भूलतज्ज्ञाच्या नोंदीच्या कागदावर लिहिलेलं असतं, फाइलमधून त्याची प्रत मागून घ्या. पुढचं सगळं मी खुब्याच्या ऑपरेशनला जी नेहमीची पद्धत असते, म्हणजे स्पायनल (पाठीतलं इंजेक्शन) आणि जोडीला मिडाझोलाम हे गुंगीचं औषध थोडं, तिला धरून लिहितो आहे.

पाठीतल्या इंजेक्शनवर लोक फार आळ घेतात. त्याचा आठवणीशी काही संबंध नाही. त्यातलं औषध मणक्यातल्या पाण्यात मिसळून कमरेखालच्या नसा दोन-चार तास सुन्न करतं, बस. डोकं पूर्ण जागं राहतं. अडचण तिथेच असते. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये हातोडी चालते, ड्रिल चालतं, एसीने अंग गारठतं, पडद्यापलीकडे चार माणसं काय बोलतात ते सगळं ऐकू येतं. अशा वेळी म्हातारं माणूस घाबरून बीपी वाढवून घेतं. म्हणून सलाइनमधून मिडाझोलाम देतात, वयस्कर पेशंटला अर्धा-एक मिलिग्रॅमपासून सुरुवात करून. दोन-तीन मिनिटांत चेहरा सैलावतो, जीभ थोडी जड होते, आणि माणूस शांतपणे बोलत राहतो. तुमच्या आईंचं न आठवणं बहुतेक या औषधाचं आहे.

आता मुद्दा असा की जागं असणं आणि आठवणीत साठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, आणि ती वेगळ्या जागी चालतात. हे वैद्यकशास्त्राला स्पष्ट कळलं ते एका अमेरिकन पेशंटमुळे. हेन्री मोलायसन त्याचं नाव. त्याच्या हयातीत सगळं जग त्याला एच. एम. म्हणून ओळखायचं. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा गेला. कानशिलाच्या आत खोलवर असलेला हा छोटासा वाकडा भाग. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण त्यानंतर २००८ साली वारेपर्यंत त्या माणसाला नवी घटना म्हणून लक्षात ठेवता आली नाही. गप्पा छान मारायचा, शब्दकोडी सोडवायचा, लहानपणचं सांगायचा. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या आणि प्रत्येक भेटीत त्याला त्या नव्याच वाटायच्या.

मिडाझोलाम हिप्पोकॅम्पसला इजा करत नाही. पण तासाभरापुरतं त्याचं नोंद करण्याचं काम जवळजवळ बंद पाडतं. जिनिंगवर व्यवहार चालू आहे, गाड्या येताहेत, वजनं होताहेत, पैसे मोजले जाताहेत, फक्त मुनीम त्या दिवशी वही उघडतच नाही, असं समजा. संध्याकाळी वही पाहिली तर पान कोरं. व्यवहार झाला नव्हता असं नाही, आणि पानं कुणी फाडलीही नाहीत. तुमच्या आईंनी मामाला ओळखलं ते खरंच ओळखलं. कापसाचं विचारलं ते मनापासून विचारलं. जुनी आठवण काढायला काहीच अडचण नव्हती, नवी ठेवायला होती.

मग ती तेवढा वेळ नीट बोलली कशी? समोरच्याचं वाक्य डोक्यात धरून त्याला उत्तर देण्यापुरती जी काही सेकंदांची आठवण लागते, ती वेगळी यंत्रणा आहे आणि कमी डोसमध्ये ती बरीचशी शाबूत राहते. लक्ष दुसरीकडे गेलं की मात्र गेलं. म्हणूनच माझे पेशंट टेबलावर तोच प्रश्न परत परत विचारतात. 'डाक्टर, व्हयनं का?' म्हणजे झालं का? मी म्हणतो, थोडंच राहिलंय मावशी. त्या 'बरं' म्हणतात, आणि पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यांदाच विचारल्यासारखं 'व्हयनं का?' नवीन सिस्टर असली तर वैतागते. मी तिला सांगतो, मावशींसाठी हा पहिलाच प्रश्न आहे.

पेशींच्या पातळीवर काय होतं ते थोडक्यात. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, त्याचं काम पेशींना शांत करणं. गाबा ज्या जागी बसतं तो रिसेप्टर पाच तुकड्यांचा बनलेला असतो. गाबा बसलं की त्यातून क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजी पेटत नाही, म्हणजे पुढे संदेश धाडत नाही. मिडाझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, बेन्झोडायझेपिन्स. ती त्याच रिसेप्टरवर शेजारच्या जागी बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. उलट, आठवण तयार व्हायची तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींनी जोरात आणि एकत्र पेटावं लागतं, मग त्यांच्यातले जोड पक्के होतात. अशी पकड तास-तास टिकते हे ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी सशांच्या मेंदूत दाखवलं, तो निबंध १९७३ चा. पेटणंच मंदावलं तर जोड पक्का कुठून होणार?

एक गोष्ट मात्र इथे समजून घेण्यासारखी आहे. पेशंटला झोप आली म्हणून त्याच्या लक्षात राहिलं नाही, एवढंच ते नाही. नुसती गुंगी आणणारी सर्दी-खाजेची काही औषधं घेऊनही माणूस तितकाच पेंगतो, पण त्याची आठवण एवढी कोरी होत नाही. शिवाय ज्या तुकड्यांपासून हा रिसेप्टर बनतो त्यांचे प्रकार आहेत. १९९९ साली झुरिचच्या संशोधकांनी उंदरांमध्ये अल्फा-वन नावाच्या तुकड्यात एक छोटासा बदल केला. त्या उंदरांना डायझेपाम दिलं तर त्यांची भीती नेहमीसारखी कमी झाली, पण गुंगी आली नाही आणि विसरही पडला नाही. म्हणजे भीती घालवणं एका तुकड्यातून होतं आणि विसर पाडणं दुसऱ्यातून. हे मला पटतं कारण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, रोज दिसतं: डोळे टक्क उघडे, हसताहेत, बोलताहेत, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

विसर पडतो तो औषध टोचल्यानंतरच्या गोष्टींचा. आधीचं पुसलं जात नाही. अधूनमधून गप्पांच्या ओघात मी हे पडताळून पाहतो. औषध देण्याआधी विचारतो, घरी गेल्यावर पहिलं काय खाणार? कुणी म्हणतं भरीत आणि कळण्याची भाकरी. औषध चढल्यावर सांगतो, मला शेवभाजी आवडते, तीही करा. पुढच्या दिवशी राउंडला भरिताचं बोलणं हमखास आठवतं, शेवभाजीचं नाही. ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं इथपर्यंत आठवतंय आणि एकदम वॉर्डातला पंखा दिसला, मधलं गायब, असंच बहुतेक जण सांगतात. तुमच्या आईंना विचारून पाहा. त्यांना ओटीत नेईपर्यंतचं आठवत असेल आणि पुढचे काही तासच कोरे असतील, तर ते औषधाचंच लक्षण. पण पडल्याचं, दवाखान्यात आणल्याचं, आदल्या दिवशीचंही आठवत नसेल, तर मात्र पडताना डोक्याला मार लागला होता का हे डॉक्टरांना विचारा.

ते तास परत कधी आठवतील का, असंही लोक विचारतात. नाही. जी नोंद झालीच नाही ती शोधून सापडत नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून चार वेळा सांगितलं की काही दिवसांनी त्या 'हो, मामा आला होता ना' म्हणू लागतील. ती तुम्ही सांगितलेल्याची आठवण असेल.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जिच्यावर मी जरा कडक बोलतो. पेशंटला आठवणार नाही या भरवशावर काही ठिकाणी नुसतं मिडाझोलाम देऊन हाड बसवतात, गळू फोडतात. पेशंट ओरडतो, चार जण धरतात, आणि उद्या विचारलं तर 'काही दुखलं नाही' म्हणतो. सगळे खूश. मिडाझोलाम दुखणं थांबवत नाही. त्या क्षणी ते माणूस पूर्णपणे भोगतं, बीपी चढतं, नाडी धावते. शिवाय विसर पडतो तो 'काय झालं' याचा. शरीर शिकतं त्याची नोंद वेगळीकडे होते. एच. एम.लासुद्धा आरशात बघून चांदणीचं चित्र गिरवायला शिकवलं तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, जरी आपण हे आधी कधी केलंय हे त्याला पटत नसे. त्यामुळे उद्या आठवत नाही ही दुखू देण्याची परवानगी होत नाही. दुखण्याला दुखण्याचं औषध हवं: फेंटानिल, थोडं केटामिन, किंवा नस सुन्न करणं. खुब्याच्या पेशंटला तर स्पायनलसाठी कुशीवर वळवण्याआधी मांडीच्या वरच्या भागात ब्लॉक, म्हणजे नस सुन्न करणारं इंजेक्शन, दिला की ते वळणं सुसह्य होतं.

नोंदीचा कागद हातात आला की त्यावर ही नावं दिसतील, म्हणून त्यांचं थोडं. फेंटानिल दुखणं मारतं, आठवण जवळपास तशीच राहते. प्रोपोफोल, ते दुधासारखं पांढरं, कमी डोसमध्येही विसर पाडतं. त्यात गोष्ट आत जाते, काही क्षण टिकते आणि मग विरून जाते. केटामिन गाबाच्या वाटेने जात नाही, एनएमडीए नावाचा दुसरा रिसेप्टर अडवतं, जो आठवणीचे जोड पक्के करायला लागतो. त्यात काहींना विचित्र स्वप्नं पडतात आणि नेमकी तीच लक्षात राहतात. डेक्समेडिटोमिडिन हे तुलनेने नवं, नैसर्गिक झोपेच्या जवळचं: हाक मारली की डोळे उघडतात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे 'भूल दिली' एवढ्यावरून काय आठवेल याचा अंदाज बांधता येत नाही.

उलट तक्रारही येते: मला सगळं ऐकू येत होतं, भूल चढलीच नाही! ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भुलेतून जागं होण्याच्या घटनांची मोठी पाहणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. पूर्ण भूल दिलेल्या साधारण १९ हजार पेशंटमागे एकाने नंतर तक्रार केली असं त्यात निघालं. पण त्या तक्रारींत असेही लोक होते ज्यांना पूर्ण भूल दिलीच नव्हती, फक्त गुंगी दिली होती, आणि ते त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून मी आधीच सांगतो: तुम्ही झोपणार नाही, सैल पडाल, आवाज येतील, बोलावंसं वाटलं तर बोला, नंतर बहुतेक आठवणार नाही. हे दोन मिनिटांचं बोलणं झालं असतं तर तुमची रात्र वाया गेली नसती, आणि ते करायला हवं होतं भूल देणाऱ्याने.

किती वेळ विसर राहतो? मिडाझोलामचा दाट परिणाम तास-दीड तासाचा. रक्तातलं प्रमाण निरोगी तरुणात दोन-तीन तासांत निम्मं होतं, म्हाताऱ्या माणसात त्याहून बराच वेळ लागतो. लिव्हर खराब असेल, बुरशीची काही औषधं किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर आणखी लांबतं. लोराझेपाम दिलं असेल तर अर्धा दिवस जाऊ शकतो. म्हणून रिकव्हरीत पेशंट कितीही शहाण्यासारखं बोलला तरी पथ्य, गोळ्या, पाय कसा ठेवायचा हे त्याला सांगून उपयोग नाही. नातेवाइकाला सांगायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. तुमच्या डॉक्टरांना आई 'हो, हो' म्हणाल्या ते तिथेच विरलं. त्यांना ते आज नव्याने समजावून घ्या, खुब्याच्या पेशंटला ते फार महत्त्वाचं आहे.

याच कारणासाठी एन्डोस्कोपी करून त्याच दिवशी घरी जाणाऱ्याने २४ तास मोटारसायकल चालवू नये आणि कोणत्याही कागदावर सही-अंगठा करू नये. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण वाटणीचे कागद घेऊन दवाखान्यात आलेले लोक मी पाहिले आहेत. पेशंट शुद्धीत दिसतो, नाव-गाव बरोबर सांगतो, अंगठाही देतो. आणि आपण कशावर अंगठा दिला हे त्याला दुसऱ्या दिवशी ठाऊक नसतं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ओटीत नेल्यापासून त्या रात्रीपर्यंतचा तुकडा कोरा असेल आणि दुसऱ्या दिवसापासूनचं नीट आठवत असेल, तर औषधाने आपलं काम केलं आणि ते उतरलं.

पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भलतंच बोलू लागलं, रात्री उठून सलाइन उपसू लागलं, घरच्यांना ओळखेना, दुपारी ठीक आणि संध्याकाळी बिघडलेलं, किंवा उलट अगदी गप्प आणि सुस्त पडून राहिलं, तर ते वेगळं. त्याला डिलिरियम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर लोकांत तो बऱ्यापैकी दिसतो. गप्प पडलेला पेशंट कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, 'आराम करतोय' म्हणून सोडून देतात. त्यामागे लघवी तुंबणं, जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, न थांबवलेलं दुखणं, ऑक्सिजन कमी पडणं असं काहीतरी असतं आणि ते शोधून दुरुस्त करायचं असतं. चष्मा, कानाचं यंत्र आणि ओळखीचं माणूस उशाशी असलं की बराच फरक पडतो.

डिलिरियमचं आणखी एक कारण आहे, आणि तिथे तुमची शेवटची ओळ येते. रोज बेन्झोडायझेपिन घेणारं माणूस दवाखान्यात भरती झालं आणि कुणाला न सांगता ती गोळी बंद पडली, तर दोन-तीन दिवसांत अस्वस्थता, थरथर, भास, कधी फिटसुद्धा येऊ शकते. ऑपरेशनआधी मी विचारतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत? 'बीपीची एक, शुगरची एक.' आणखी? 'नाही.' झोपेची? 'हां, ती घेते ना रोज!' आपल्याकडे झोपेची गोळी औषधात मोजतच नाहीत. तुमच्या आईंच्या वेळी ती सांगितली होती का, हे आठवून पाहा.

नावं विसरण्याकडे आता. अल्प्राझोलाम मिडाझोलामचंच भावंड, त्याच रिसेप्टरवर बसतं. रोज घेतलं की शरीराला गुंगीची सवय होते, त्या डोसने आधीसारखी झोप येईनाशी होते. आठवणीवरच्या परिणामाला मात्र तितकी सवय होत नाही. म्हणजे फायदा घटत जातो आणि तोटा मागे राहतो. शिवाय दिवसभराच्या आठवणी पक्क्या होण्यात गाढ झोपेचा वाटा असतो, आणि ही औषधं झोपेचे तास वाढवताना नेमका तो गाढ झोपेचा भाग कमी करतात. वय वाढलं की गोळी शरीरातून निघायलाही वेळ लागतो, सकाळी डोकं जड राहतं, तोल जातो. तुमच्या आई वावरात पाय घसरून पडल्या असं तुम्ही लिहिलंत. किती वाजता पडल्या ते विचारा. सकाळची वेळ असेल तर मी त्या गोळीकडे संशयाने पाहीन. वयस्करांना ही औषधं शक्यतो देऊ नयेत असं अमेरिकेतल्या बीअर्स यादीत नमूद आहे, त्यात पडणं आणि हाड मोडणं ही कारणं आहेतच.

यातून कायमचा स्मृतिभ्रंश होतो का? इथे पुरावा एका बाजूला झुकत नाही. २०१४ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या नोंदींवरून संबंध दिसला, २०१६ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात जास्त गोळ्या म्हणजे जास्त धोका असं काही दिसलं नाही. गोम अशी की झोप उडणं आणि अस्वस्थ वाटणं ही स्मृतिभ्रंशाचीच फार आधीची लक्षणं असू शकतात. मग गोळीमुळे आजार की आजारामुळे गोळी, हे वेगळं काढणं कठीण. पण गोळी चालू असतानाची मंदता खरी आहे, आणि ती हळूहळू बंद केल्यावर बऱ्याच जणांची आठवण काही प्रमाणात सुधारते. ते घडायला महिने जातात.

ही गोळी किती जोरदार आहे ते पाहायचं तर दूर जायला नको. मालेगाव-धुळे पट्ट्यात 'कुत्ता गोळी' म्हणून नशेसाठी जी विकली जाते ती बहुतेक वेळा हीच अल्प्राझोलाम, भरमसाट प्रमाणात. पोरं रात्री काय करून बसतात ते सकाळी त्यांना आठवत नाही. दारूवर घेतली तर श्वासही मंदावतो. दारूचं तेच: भरपूर पिणारा रात्रभर बोलतो, भांडतो, गाडी घरी आणतो, आणि सकाळी मधला तुकडा कोरा. दारूही गाबा वाढवते आणि एनएमडीए दाबते. गोळीचा असा गैरवापर होतो म्हणूनच अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीत आहे, मेडिकलवाल्याने डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचं असतं. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं पाकीट मिळतं तेव्हा तो नियम कागदावरच राहिलेला असतो.

एक कळकळीची सूचना: हे वाचून आजपासून गोळी बंद करू नका. वर लिहिलं तसं अचानक सोडणं घातक ठरू शकतं, आणि आत्ता तर त्यांचं हाड जुळायचं आहे. आधी त्या चालत्या-फिरत्या होऊ द्या. मग फिजिशियन किंवा मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली डोस थोडा थोडा, काही आठवड्यांच्या अंतराने उतरवत जायचा. इतकी वर्षं घेतलेली गोळी सुटायला कित्येक महिने लागले तरी घाई करायची नाही. 'त्याऐवजी दुसरी साधी गोळी द्या' असं म्हणाल तर झोल्पिडेमही त्याच रिसेप्टरवर काम करतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली स्त्रियांसाठी त्याचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, कारण सकाळीही ते रक्तात उरत होतं.

सगळं खापर गोळीवर फोडण्याआधी साध्या तपासण्याही करून घ्या: बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत बी-ट्वेल्व्ह कमी सापडणं नवीन नाही, आणि त्याने आठवण मंदावते. ऐकू कमी येतं का, तेही बघा. नाव नीट ऐकलंच नाही तर ते लक्षात कुठून राहणार! मन उदास आहे का, वडील गेल्यापासून किंवा मुलं बाहेर गेल्यापासून गोळी सुरू झाली का, हे डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. आणि आईंना रात्री आठला अंथरुणावर टाकून पहाटे चारला 'झोप येत नाही' असं होत असेल, तर आठ तास झालेच की! उन्हाळ्यात जळगावच्या उन्हात दुपारची दोन तास झोप झाली असेल तर रात्रीची तेवढी कमी होणारच.

राहिला मोतीबिंदू. हल्ली तो बहुतेक थेंबांनी किंवा डोळ्याभोवतीच्या इंजेक्शनने सुन्न करून होतो, काही मिनिटांचं काम असतं, आणि तुमच्या आईंसारख्या पेशंटला मी गुंगीचं औषध शक्यतो देत नाही. विसर पडण्याची भीती हे त्याचं कारण नाही. अर्धवट गुंगीतलं माणूस मध्येच दचकून डोकं हलवतं, आणि डोळ्यात हत्यार असताना ते परवडत नाही. कुणीतरी हात धरून बोलत राहिलं की बहुतेकांचं भागतं. तपासणीला जाताना मागच्या ऑपरेशनचा भुलेचा कागद आणि घरातली सगळी पाकिटं, झोपेच्या गोळीसकट, पिशवीत घालून न्या, आणि आदल्या रात्रीची गोळी घ्यायची की नाही ते तिथल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. बहुतेक वेळा 'नेहमीसारखी घ्या' असंच सांगतात.